पदरी राहून लिहिलेला इतिहास

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत लागले आणि १९२५ साली निवृत्त होऊन कामशेतला जाऊन राहिले. ३६ वर्षांची चाकरी. महाराजांना पुस्तके वाचून दाखवायची, राजपुत्रांना शिकवायचे, खानगीचे हिशेब बघायचे, परदेशच्या प्रवासात बरोबर जायचे. राजाच्या इतक्या जवळ वावरलेल्या या माणसाचे नाव मराठी घरांत पोचले ते मात्र रियासतींमुळे, म्हणजे ‘रियासत’ या नावाने लिहिलेल्या इतिहासाच्या ग्रंथांमुळे. महाराजांच्या सहवासाच्या आठवणी त्यांनी पुस्तकरूपाने दिल्या त्या महाराज जाऊन बरीच वर्षे लोटल्यावर. आधी इतिहास, आधी साधने, आणि धन्याबद्दलचे बोलणे अगदी शेवटी, तेही ‘मी पाहिले ते सांगतो’ एवढ्याच अधिकाराने. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

तो आज सांगायचे कारण असे की बडोद्यात, आणि एकूणच मराठीत, इतिहासकाराचे किंवा चरित्रकाराचे नाव निघाले की पहिला प्रश्न येतो, ‘तो कुणाचा माणूस?’ सरकारी समितीवर आहे का, कुठल्या घराण्याचा आश्रित आहे का, कुठल्या पक्षाच्या व्यासपीठावर दिसला का. उत्तर मिळाले की पुस्तक न उघडताच निकाल लागतो. माझे म्हणणे आहे की हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. कुणाचे मीठ खाल्ले हे विचारण्याआधी, त्याने पाहिलेले कागद दुसऱ्याला पाहायला मिळतात का, हे विचारायला हवे. इतिहासकार सार्वजनिक जीवनात आला, त्याने पद घेतले, मानधन घेतले, यात मला गैर काही दिसत नाही. कागद आपल्या मुठीत ठेवून तो वर निवाडा देऊ लागला, तर मात्र त्याच्या प्रत्येक वाक्याबद्दल मला शंका येते.

आपल्या मनात इतिहासकाराची एक मूर्ती बसलेली आहे आणि ती विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांची आहे. नोकरी नाही, धनी नाही, गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे काढणारा, हाताने स्वयंपाक करून खाणारा तापट माणूस. त्या मूर्तीपुढे मीही नमस्कार करतो. पण तिच्यामुळे आपण एक चुकीचा धडा घेतला: दारिद्र्य म्हणजे सत्याची हमी, आणि पगार म्हणजे लाचारी. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्याच साली इकडे बडोद्यात राजपुत्रांना शिकवण्यासाठी टिपणे काढता काढता सरदेसायांची ‘मुसलमानी रियासत’ तयार झाली. एक फकीर, एक दरबारी. राजवाड्यांची मते आज कित्येक अभ्यासक मानत नाहीत. तरी त्यांच्यावाचून कुणाचे चालत नाही, कारण त्यांनी २२ खंडांतून मूळ पत्रेच छापून ठेवली. राजवाड्यांशी भांडायचे तर राजवाड्यांनीच दिलेले कागद घेऊन भांडता येते. त्यांचा मोठेपणा मला या ठिकाणी दिसतो. उपासमार त्यांच्या वाट्याला आली, पण ती त्यांच्या संशोधनाची पद्धत नव्हती.

सरदेसायांचेही तसेच. सुरुवातीच्या रियासती बऱ्याच अंशी दुसऱ्यांच्या पुस्तकांवर उभ्या होत्या आणि ते लोकांनी त्यांना ऐकवलेही. नवी साधने हाती येत गेली तसतसे त्यांनी आपलेच भाग पुन्हा लिहून काढले. आपले छापलेले पुस्तक मोडून पुन्हा बांधायला काय लागते हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पुढे पासष्टीला आल्यावर, १९३० च्या सुमारास, मुंबई सरकारने त्यांच्याकडे पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे संपादन दिले. हे दप्तर पेशवाई बुडाल्यापासून इंग्रजांच्या ताब्यात, पुण्यात. आणि पुण्याच्याच अभ्यासकांना त्यात मोकळेपणी शिरायला मिळत नव्हते. बंगाली इतिहासकार जदुनाथ सरकारांच्या मित्राला, आयुष्यभर संस्थानी नोकरी केलेल्या माणसाला हे काम मिळाले म्हणून पुण्यात अनेकांना राग आला. तो राग मी समजू शकतो. ज्या दारापाशी आपण वर्षानुवर्षे तिष्ठत उभे राहिलो, ते दुसऱ्यासाठी उघडले की जिव्हारी लागतेच.

पण पुढे काय झाले ते बघा. चार-पाच वर्षांत ४५ भाग छापून बाहेर पडले. हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडायचे, मोडीतले कागद वाचायचे, निवडायचे, बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायचे, त्यांना तारखा लावायच्या. निवडीत घाई झाली, काही तारखा चुकल्या, असे आक्षेप आले आणि त्यांतले काही खरेही असतील. मात्र हे आक्षेप घेता आले ते कागद छापले गेले म्हणूनच. परक्या सरकारचे पद घेऊन त्यांनी परक्या सरकारचे कुलूप काढले. ‘तो कुणाचा माणूस?’ या एकाच फुटपट्टीने मोजले असते तर हे काम आपण कुठे नोंदवले असते?

आता आमच्या गावाकडे येतो, कारण हे सगळे मला दुसऱ्या कारणाने छळते आहे.

बडोद्यात सयाजीराव महाराज म्हणजे घरचे दैवत. ११ मार्चला, त्यांच्या जयंतीला, काळ्या घोड्यापाशी, म्हणजे त्यांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी, हार चढतात, भाषणे होतात. ते व्हायलाच हवे. १८९३ साली अमरेलीकडे सुरू केलेला सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग ज्या राजाने १९०६ साली संपूर्ण संस्थानाला लागू केला, १९१० नंतर गावोगाव वाचनालये उभी केली, त्याच्यापुढे हात जोडायला मला लाज वाटत नाही. माझी आजी त्या शाळेत शिकली. पण त्यांची चरित्रे महाराज हयात असल्यापासून निघत आली आहेत, इंग्रजीत १९२८ आणि १९३१ साली, १९३६ च्या हीरक महोत्सवाच्या सुमारास मराठीत, आणि आजही नवी निघतात. यांतली बरीच चरित्रे वाचून झाल्यावर मनात एक पुतळा उभा राहतो. माणूस मात्र भेटत नाही.

१९११ च्या दिल्ली दरबाराचीच गोष्ट घ्या. १२ डिसेंबरला बादशहा पंचम जॉर्जसमोर महाराज साधेपणाने गेले, एकदाच वाकले, आणि रिवाजाप्रमाणे मागे सरकत येण्याऐवजी पाठ फिरवून परतले. इंग्लंडमध्ये गहजब झाला. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून छाती फुगवून ऐकत आलो. तिचा उत्तरार्ध मला कळला तो चाळिशीत: महाराजांनी व्हाइसरॉयना पत्र पाठवून खुलासा केला. आपण गोंधळून गेलो होतो, आपल्या पुढे निजाम होते आणि त्यांनी नेमके काय केले ते नीट दिसले नाही, अपमानाचा हेतू नव्हता, अशा आशयाचे ते पत्र. मला पहिल्यांदा वाचल्यावर वाईट वाटले. सभांमधून ते कुणी का सांगत नाही हेही त्याच क्षणी समजले.

नंतर मात्र विचार करत गेलो तसतसे ते पत्रच मला दरबारातल्या पाठ फिरवण्यापेक्षा मोठे वाटू लागले. १८७५ साली याच गादीवरून मल्हारराव महाराजांना इंग्रजांनी उतरवले होते. आरोप असा की त्यांनी रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, कर्नल फेअर याच्यावर विषप्रयोग करवला. चौकशी आयोगात सहा जण, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. मते तीन विरुद्ध तीन अशी फुटली. तरीही गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना काढले. त्यांच्या जागी कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातून आणून बसवलेला बारा वर्षांचा मुलगा म्हणजे सयाजीराव. आपण इथे कशामुळे बसलो हे त्या मुलाला जन्मभर आठवत असणार. अरविंद घोषांसारखा क्रांतिकारक विचारांचा माणूस १८९३ ते १९०६ बडोद्याच्या नोकरीत होता आणि इंग्रजांची नजर या संस्थानावर होती. अशा राजाने खुलाशाचे पत्र लिहिले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शाळा होत्या, वाचनालये होती, आणि एका सहीने हे सगळे थांबवू शकणारा रेसिडेंट होता. मला तो त्या पत्रात अधिक एकटा आणि अधिक धीराचा दिसतो. पाठ फिरवणे आणि पत्र लिहिणे या दोन्ही गोष्टी एकाच पानावर ठेवणारा चरित्रकार त्यांची शोभा घालवत नाही. त्यांतली एक लपवणारा मात्र महाराजांवर विश्वासच ठेवत नाही.

दुसरे उदाहरण आंबेडकरांचे. १९१३ साली महाराजांनी त्यांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, हे बडोद्यातल्या प्रत्येक भाषणात येते. १९१७ साली ते करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही, ओळखीच्यांनीही दारे लावून घेतली, पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले, आणि रात्रीच्या गाडीची वाट बघत ते कामाटीबागेत बसून राहिले. तिथे आज त्यांच्या स्मृतीची संकल्पभूमी आहे, लोक भक्तिभावाने येतात. हे सगळे आपल्याला कळले कशामुळे? आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले म्हणून. राजाचा हेतू राजाच्या कागदांत सापडतो. गावाची वागणूक कळायला ज्याला गावाने हाकलले त्याचाच कागद लागतो. चरित्रकाराने फक्त राजवाड्याची कपाटे उघडली तर त्याला शिष्यवृत्ती दिसेल, कामाटीबागेतले बाक दिसणार नाही. त्यात चरित्रकाराची अप्रामाणिकता असेलच असे नाही. त्याला दिलेली किल्लीच एका खोलीची असते.

म्हणून घरच्या माणसाने चरित्र लिहू नये असे मी म्हणणार नाही. महाराजांचे पणतू फत्तेसिंहराव गायकवाड १९५७ पासून बडोद्याचे खासदार होते, राजकारणातले होते, आणि त्यांनी पणजोबांचे इंग्रजी चरित्र लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर, १९८९ साली, प्रसिद्ध झाले. घरच्याला जे दिसते ते बाहेरच्याला कधीच दिसत नाही. पण घरच्यासाठी उघडलेले कपाट पुढच्या अभ्यासकालाही उघडे हवे. नाहीतर ते पुस्तक कितीही प्रामाणिक असले तरी साक्षीदाराची उलटतपासणी न होता दिलेल्या जबानीसारखे राहते.

मी हे इतक्या पोटतिडकीने का लिहितो आहे ते सांगतो. काही वर्षांपूर्वी दांडिया बाजारातले आमचे जुने घर विकायला काढले. माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली. आत लाल पडून मळकट झालेल्या कापडाचे दोन रुमाल, गाठी इतक्या घट्ट की काकूंनी सुईने सोडवल्या. पणजोबा संस्थानात कारकून. घरात त्यांची ख्याती अशी की पक्के सुधारक, महाराजांच्या विचारांचे, मुलींच्या शिक्षणासाठी झटलेले. मी निवृत्तीनंतर मोडी शिकलो होतो, म्हणून पेटी माझ्याकडे आली. कागद ठिसूळ, काठाला कसर लागलेली, शाई मात्र काळीभोर. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक पत्र लागले: पणजोबांनी थोरल्या भावाला कळवले होते की कायद्याचा दंड भरून टाकला, कार्य निर्विघ्न पार पडले, काळजी नसावी.

१९०४ साली महाराजांनी बालविवाहाला बंदी करणारा कायदा केला होता. ठरवलेल्या वयाआधी लग्न लावले तर दंड. आमच्या सुधारक पणजोबांनी मुलीचे लग्न कायदा मोडून लावले आणि दंड लग्नाच्या खर्चात धरला, जसा मांडवाचा खर्च धरावा तसा.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अरे, हे आता कशाला बाहेर काढतोस? आत्याबाईंनी जन्मभर वडिलांना देव मानलं.” मला उत्तर सुचले नाही. पण त्या पत्राने मला १९०४ चा कायदा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळला. कायदा कोणी केला हे पाठ होते. तो संस्थानातल्याच कारकुनाच्या घरात कसा पचवला गेला हे त्या चार ओळींत होते. आणि अशी घरे एकटी आमचीच नव्हती. दंड भरून लग्ने लागतच होती. समोर अशी प्रजा होती हे कळले की महाराजांच्या सुधारणेची उंची वाढते.

एका स्मरणिकेसाठी मी या कायद्यावर लेख दिला तेव्हा त्यात हे लिहिले, पणजोबांचे नाव न घेता. छापून आले तेव्हा तो परिच्छेद गायब. विचारले तर सांगितले की गौरवाचा अंक आहे, मध्ये हे कशाला. संपादन करणारी माणसे वाईट नव्हती. महाराजांवर त्यांचे माझ्याइतकेच प्रेम आहे. पण त्या प्रेमाने महाराजांची लढाईच पुसून टाकली आणि नुसता विजय ठेवला. लढाईशिवाय विजय दिसला की पुढच्या पिढीला वाटते, ते थोर होते म्हणून झाले, आपल्याच्याने काय होणार.

तेव्हा माझे मागणे आहे ते असे. इतिहासकारांना समित्यांवर घ्या, विद्यापीठांत बसवा, मानधन द्या, चांगले द्या. उपाशी ठेवून कुणी खरे बोलत नाही, आणि सरदेसायांना सयाजीरावांनी पोसले नसते तर रियासती झाल्या नसत्या. पण ज्या चरित्राला लोकांचा पैसा लागतो त्याच्या करारातच दोन गोष्टी लिहून घ्या. घराण्याने किंवा पक्षाने छपाईआधी मजकूर तपासायचा नाही. आणि पुस्तक निघाल्यावर त्यासाठी पाहिलेले कागद, निदान त्यांच्या प्रती, कुणालाही पाहता येतील अशा जागी ठेवायच्या.

त्याहून आधी दप्तराचे बघा. बडोदे संस्थानचे दप्तर आज गुजरात सरकारच्या अभिलेखागाराकडे बडोद्यातच आहे आणि त्यातला मोठा भाग मोडीत आहे. गुजराती विद्यार्थ्याला मोडी येत नाही, आणि आमच्या मराठी मुलांनाही येत नाही. माझ्या ओळखीत रुमालातला कागद सरळ वाचणारी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यांतली बहुतेक सत्तरीपुढची. २०१८ साली इथे ९१ वे मराठी साहित्य संमेलन झाले, शहर तीन दिवस मराठीने गजबजले. तेवढ्याच उत्साहाने मोडी वाचणाऱ्या दहा तरुणांना पाच वर्षे पगार देऊन बसवले आणि दप्तराची तपशीलवार यादी करून घेतली, तर पुढची ५० वर्षे चरित्रे लिहिता येतील. मग त्यांतली चार पुस्तके खुशामतीची निघाली तरी बिघडणार नाही. पाचवा ती खोडून काढेल.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मी काकूंकडूनच ऐकला: असे सगळे उघडे पाडणार असाल तर कोण देईल तुम्हाला पेट्या? घरे कागद जाळून टाकतील. भीती रास्त आहे. पण कागद आजही जातच आहेत. घर विकताना आमच्याच दुसऱ्या माळ्यावरचे दोन पोत्यांचे दप्तर रद्दीवाल्याने किलोवर नेले, मी गावाला गेलो होतो तेव्हा. कुणी द्वेषाने टाकले नाही, कुणाला वाचता येत नव्हते एवढेच. पन्नास वर्षे उघडायचे नाही अशी अट घालून दिलेला रुमाल रद्दीपेक्षा हजारपट बरा. जगात अभिलेखागारे अशी मुदत पाळतात, आपल्याकडेही पाळता येईल. घराण्याच्या अब्रूला मुदत द्यावी, कागदाला आयुष्य द्यावे.

पणजोबांच्या पत्राबद्दल काकू शेवटी राजी झाल्या. आत्याबाई जाऊन ४० वर्षे झाली, आता लिही, म्हणाल्या. नाव मात्र नको. दुसरा रुमाल त्यांनी पुन्हा बांधला. त्यात घरातल्या एका विधवा बाईची माहेरी लिहिलेली आणि कधीच न धाडलेली पत्रे आहेत, असे त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितले होते. “मी असेपर्यंत नको, आणि मग तुझ्या मुलीने ठरवायचं,” म्हणाल्या. मी कबूल झालो. रुमालावर एक जाड कागदाची चिठ्ठी शिवली आहे, बाळबोधीत आणि मोडीत दोन्हीत: काय आहे, कुणाचे आहे, कधी उघडायचे. मुलगी दर रविवारी माझ्याकडे मोडी शिकायला बसते. तिला अजून जोडाक्षरे अडतात.